घराची किल्ली कुणाच्या हाती?

माझी एक मैत्रीण शाळेत शिक्षिका आहे. नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला चार वर्षं झाली. दहावीतली मुलगी तिच्याजवळ असते. त्या दोघी ज्या घरात भाड्याने राहत होत्या ते मालकाने विकायला काढलं, आणि गेल्या उन्हाळ्यात तिला पुण्यात पुन्हा घर शोधायची वेळ आली. मी तिच्याबरोबर हिंडत होते. तीन आठवड्यांत आम्ही सात एजंटांना भेटलो, अकरा घरं पाहिली. या तीन आठवड्यांत एकाही घरमालकाचं तोंड आम्हाला दिसलं नाही.

एजंटांचे प्रश्न ठरलेले. आडनाव काय? माणसं किती? व्हेज की नॉनव्हेज? मिस्टर कुठे असतात? ‘मी आणि माझी मुलगी’ म्हटल्यावरही मिस्टरांचा प्रश्न यायचाच. मैत्रीण खरं ते सांगायची. मग एजंट घुटमळायचा, हातातल्या किल्ल्या खुळखुळवायचा आणि म्हणायचा, ‘मॅडम, माझं काही नाही हो. पण मालकांना फॅमिली हवी आहे.’ एकदा ती चिडून म्हणाली, ‘आम्ही दोघी फॅमिलीच आहोत.’ समोरचा मुलगा पंचविशीतला असेल. तो खरोखरच गोंधळला. म्हणाला, ‘तसं नाही मॅडम, म्हणजे प्रॉपर फॅमिली.’

अकरांपैकी एक घर तिला फार आवडलं होतं. शाळेपासून चालत दहा मिनिटं, मुलीचा क्लास खालच्या चौकात. तिथेही हाच नकार. योगायोग असा, की त्या इमारतीत माझ्या ओळखीच्या एक बाई राहतात. त्यांच्याकडून मालकिणीचा पत्ता मिळाला आणि आम्ही दोघी सरळ जाऊन धडकलो. मालकीणबाई सत्तरीच्या, विधवा, मुलगा अमेरिकेत. त्यांनी चहा केला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अहो, मी असं काही म्हटलंच नव्हतं. मी त्याला एवढंच सांगितलं, की माणसं चांगली बघ, मला मागाहून त्रास नको.’ मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘पण त्याने मला विचारलं असतं, की एकटी बाई चालेल का, तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.’

घर तोवर गेलं होतं. एजंटने एका ‘प्रॉपर फॅमिली’कडून टोकन घेतलं होतं. मैत्रिणीला शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला घर मिळालं. मुलीने दहावीचं वर्ष दोन बसमध्ये उभं राहून काढलं.

मालकीणबाईंचं ते शेवटचं वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. त्या वाईट नव्हत्या आणि खोटंही बोलत नव्हत्या. ‘त्रास नको’ एवढे दोन शब्द त्यांनी उच्चारले. त्या शब्दांचा अर्थ लावण्याचं काम एजंटने केलं, आणि तो अर्थ काय लावला जाईल हे त्यांना कळू नये इतक्या त्या भोळ्याही नव्हत्या. घरमालक एजंट का ठेवतात, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाकडे मला इथूनच पाहावंसं वाटतं.

या प्रश्नाची नेहमीची उत्तरं आपल्याला माहीत आहेत आणि ती खोटी नाहीत. घर दाखवायला माणूस लागतो. दिवसातून चार वेळा किल्ली घेऊन कोण जाणार? करार करायचा, स्टँप ड्युटी भरायची, नोंदणी करायची, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, सोसायटीला कळवून कराराची प्रत नेऊन द्यायची, सेक्रेटरीची मनधरणी करायची. नोकरी करणाऱ्या माणसाला हे जमत नाही आणि परदेशात राहणाऱ्याला तर नाहीच. आपल्याकडे आज कितीतरी फ्लॅट असे आहेत, की ज्यांचा मालक कॅलिफोर्नियात नाहीतर दुबईत आहे आणि किल्ली इथल्या म्हाताऱ्या आईजवळ आहे.

दुसरं कारण भीतीचं. महाराष्ट्रातल्या घरमालकाच्या या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. मुंबईत कितीतरी घरांचं प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० ची तारीख धरली गेली. भाडेकरूला काढणं कठीण झालं. त्याचं संरक्षण त्या काळी गरजेचंही होतं, कारण युद्धानंतरच्या शहरांत घरांची टंचाई होती आणि मालक अडवून पैसे उकळत होते. मग मालकांनी ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळून ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग काढला. १९७३ च्या दुरुस्तीने सरकारने ठरवलं, की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवान्याने राहत होते ते भाडेकरूच समजले जातील. त्या दिवसापासून ‘घर दिलं की गेलं’ हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत बसलं, ते अजून उठलेलं नाही.

वास्तविक ती परिस्थिती आता राहिलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातल्या कलम २४ प्रमाणे परवान्याची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे कागद नीट केला तर मालकाला भिण्याचं फारसं कारण नाही. पण भीती कायद्याच्या मागून सावकाश चालते, आणि या मधल्या अंतरावर एजंटचं पोट चालतं. ‘तुम्ही काळजी करू नका, मी बघतो,’ हे त्याचं मुख्य विक्रीचं वाक्य आहे.

तिसरं कारण आपल्यापैकी पुष्कळजणींना आतून माहीत असेल. घरमालक बाई असेल तर ती एजंट का ठेवते? एकट्या बाईने अनोळखी पुरुषांना रिकामं घर दाखवायला जायचं, भाड्याची घासाघीस करायची, थकलेलं भाडं मागायला जिना चढायचा, हे सोपं नाही. घासाघीस करणाऱ्या बाईला ‘कजाग’ म्हणतात आणि न करणाऱ्या बाईला फसवतात. ‘तुमच्या मुलाशी बोलतो’ असं तोंडावर ऐकवणारे भाडेकरू असतात. नवऱ्यामागे उरलेला एक फ्लॅट, त्याच्या भाड्यावर औषधपाणी, अशा बाईने एक पुरुष मध्ये उभा केला तर तिला दोष कसा देणार? त्या मालकीणबाई एजंटकडे गेल्या, कारण बाई म्हणून बाजारात उभं राहणं त्यांना जड जात होतं. आणि त्याच एजंटने, बाई आहे म्हणून, माझ्या मैत्रिणीला दारातून परत पाठवलं. या दोघी एकमेकींसमोर आल्या असत्या तर कदाचित त्यांची भीती एकच निघाली असती.

आता चौथं कारण. हे कुणी उघड बोलत नाही, पण माझ्या मते बाकीच्या तिन्हींपेक्षा तेच भारी आहे. नाही म्हणण्याचं काम मालकाला करावं लागू नये, यासाठी एजंट असतो.

विचार करून पाहा. समोर बसलेल्या बाईला, ‘तू नवऱ्याला सोडलंस म्हणून मी तुला घर देणार नाही,’ असं म्हणायला किती जणांची जीभ उचलेल? समोर बसलेल्या तरुण डॉक्टरला, ‘तू मुसलमान आहेस म्हणून,’ असं? आडनाव ऐकून, ‘तुम्ही आमच्यातले नाही,’ असं? काही लोक म्हणतील, अजूनही बिनदिक्कत म्हणतात. पण बरेचसे सुशिक्षित घरमालक स्वतःला पुरोगामी समजतात. त्यांना हे शब्द स्वतःच्या तोंडून ऐकवणार नाहीत. एजंट असला की ते ऐकावे लागत नाहीत. मालक म्हणतो, ‘चांगली माणसं बघ.’ एजंट म्हणतो, ‘मालकांना चालत नाही.’ सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, ‘माझी हरकत नाही, मेंबर ऐकत नाहीत.’ नकार तर मिळतो, पण तो कुणी दिला हे शोधायला गेलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. भांडायचं तरी कुणाशी?

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आला. सवर्ण, दलित आणि मुसलमान नावांनी घरं मागून पाहिल्यावर कुणाला घर मिळतं आणि कुणाला नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं. आपल्याला यात नवल वाटू नये. बडोद्याच्या नोकरीत असताना १९१७ साली डॉ. आंबेडकरांना पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून खोली घ्यावी लागली होती, आणि खरी जात कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं होतं. परदेशी शिक्षण आणि सरकारी नोकरी असूनही त्यांना त्या शहरात छप्पर मिळालं नाही. आज काठ्यांची गरज उरली नाही. ‘ते घर गेलं हो,’ एवढं फोनवर सांगून काम भागतं.

एजंटलाच खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. तेही खरं नाही. या धंद्यात टपरीवजा दुकान थाटून बसलेली पुष्कळ मुलं बाहेरगावाहून आलेली असतात. पगार नसतो. घर लागलं तर साधारण एका महिन्याचं भाडं मिळतं, बऱ्याचदा दोन्हीकडून. नाही लागलं तर महिनाभर घातलेलं पेट्रोल वाया. तेच घर आणखी चार जणांच्या यादीत असतं. अशा वेळी तो काय करणार? ज्या भाडेकरूवर मालक, सोसायटी, शेजारी कुणीच आक्षेप घेणार नाही असा भाडेकरू आधी पुढे करणार. नवरा, बायको, दोन मुलं, ‘आपल्यातलं’ आडनाव. तो स्वतःचे विचार लादतो असं नाही. समाजाचे पूर्वग्रह त्याने तोंडपाठ केलेले असतात, कारण तेच त्याचं भांडवल आहे. म्हणून कित्येकदा मालक नकार देतो त्याच्या आधीच एजंट नकार देऊन मोकळा होतो. मालकाला कळतही नाही की अशी कुणी बाई आली होती.

त्यात अकरा महिन्यांची गंमत आहे. दर अकरा महिन्यांनी नवा करार म्हणजे पुष्कळदा नवी दलाली. भाडेकरू आणि मालक यांची ओळख वाढली, विश्वास बसला, तर एजंटची गरज संपते. त्यामुळे त्या दोघांनी एकमेकांना फारसं न ओळखणं हेच त्याच्या सोयीचं असतं.

मग ‘एजंट नको, सरळ व्यवहार करा’ एवढं म्हटलं की झालं का? इथे आपण जरा सावध राहिलं पाहिजे. पूर्वी पुण्याच्या वाड्यांत मधला माणूस बहुतेकदा नसायचाच. वाड्यात मालक आणि बिऱ्हाडकरू एकाच नळावर पाणी भरत. अडीनडीला मालकीणबाई धावून येत, बाळंतिणीला डिंकाचे लाडू देत, हे खरं आहे. पण त्याच मालकीणबाई कोण कधी आलं, दिवा किती वाजता मालवला, यावर डोळा ठेवून असत. आणि त्या वाड्यांत दलित कुटुंबाला बिऱ्हाड मिळत नव्हतं. तिथे नकार तोंडावर मिळायचा इतकंच. तेव्हा समोरासमोरच्या व्यवहारात आपोआप न्याय असतो असा माझा दावा नाही. फरक एवढाच, की तोंडावर दिलेल्या नकाराला उत्तर देता येतं. माझ्या मैत्रिणीने मालकीणबाईंना पाच मिनिटांत विचारात पाडलं. एजंटला मात्र तिला तीन आठवड्यांत काही पटवता आलं नाही, कारण पटवून घेण्याचा अधिकारच त्याच्याकडे नव्हता.

कायदा इथे काय म्हणतो? संविधानाचं पंधरावं कलम राज्यसंस्थेला भेदभाव करायला मनाई करतं. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, पाणवठे यांत कुणालाही मज्जाव करता येत नाही. पण खासगी मालकाने राहतं घर भाड्याने देण्याचा व्यवहार त्यात येत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा संस्थेचा नियम वैध धरला. २०१६ च्या रिअल इस्टेट कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ती विक्रीच्या व्यवहारांसाठी. फक्त भाड्याची घरं लावून देणारा एजंट त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

आणि तरी कायद्याला हे लिहिता येत नाही असं नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ साली झालेल्या कायद्यात आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ साली झालेल्या कायद्यात घर भाड्याने घेण्याच्या हक्काबाबत भेदभाव करू नये, असं स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे शब्द तयार आहेत. एकटी बाई, परित्यक्ता, घटस्फोटिता, दलित, मुसलमान यांच्यासाठी तेच शब्द वापरायला अडचण कसली आहे? अंमलबजावणी अवघड आहे हे मान्य. पण कायद्यात चूक म्हणून लिहिलेली गोष्ट आणि ‘मालकाची मर्जी’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट यांत फार फरक पडतो.

आपल्या चळवळीचा तर या प्रश्नाशी थेट संबंध आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मिळवण्यासाठी स्त्री संघटना वर्षानुवर्षं झगडल्या. त्याच्या कलम १९ प्रमाणे न्यायदंडाधिकारी बाईला राहत्या घरातून काढू नका असा आदेश देऊ शकतात. गरज असेल तर तिला त्याच दर्जाचं दुसरं घर मिळवून द्या किंवा त्याचं भाडं भरा, असाही आदेश देऊ शकतात. मोठी गोष्ट आहे ही. पण भाड्याचा आदेश हातात घेऊन बाहेर पडलेल्या बाईला एजंट विचारतो, ‘मिस्टर कुठे असतात?’ आणि कोर्टाने दिलेला हक्क तिथे जिन्यातच अडकून पडतो. मारहाणीच्या घरात बाई परत का जाते, असं आपल्याला नेहमी विचारलं जातं. जायला दुसरं घर नसतं, हे त्याचं एक साधं, रोखठोक उत्तर आहे.

मग काय करायचं? सरकारकडे मागण्या करूच. भाड्याच्या व्यवहारातल्या एजंटांची नोंदणी व्हावी आणि भेदभावाची तक्रार सिद्ध झाली तर ती रद्द व्हावी. डिपॉझिटला मर्यादा असावी. केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यात राहत्या घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचवली आहे. मालकाने घरात येण्याआधी चोवीस तासांची सूचना द्यावी, हेही त्यात आहे. एकट्या राहणाऱ्या बाईसाठी हे कलम किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको. नमुना कायदा राज्यावर बंधनकारक नसतो, म्हणून या गोष्टी राज्याच्या कायद्यात मागून घ्याव्या लागतील. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहांची योजना १९७२ पासून आहे. तिचाही पाठपुरावा हवा.

पण एक काम सरकारची वाट न पाहता करता येईल, आणि ते तुमच्या-माझ्यासाठी आहे. हे अंक वाचणाऱ्यांमध्ये भाडेकरू आहेत तशा घरमालकिणीही आहेत. आपण मोर्चात असतो, व्याख्यानाला असतो, आणि आपला दुसरा फ्लॅट एजंटच्या हवाली असतो. त्याला आपण काय सांगून ठेवलं आहे, हे एकदा आठवून पाहा. ‘चांगली माणसं बघ’ असंच ना?

१८७२ च्या करार कायद्याचं एक तत्त्व आहे. एजंटला दिलेल्या अधिकारात त्याने केलेलं काम हे मालकानेच केल्यासारखं धरलं जातं. नैतिकदृष्ट्याही तसंच धरायला हवं. आपल्या नावाने त्याने दिलेला नकार हा आपलाच नकार आहे. तो आपल्या कानावर आला नाही एवढ्याने आपण सुटत नाही.

एजंट ठेवायचा तर जरूर ठेवावा. त्याची मेहनत आहे, त्याचे पैसे त्याला द्यावेत. पण आपल्या अटी आपण स्वतः, स्पष्ट शब्दांत, कागदावर लिहून द्याव्यात. भाडं किती, डिपॉझिट किती, करार नोंदवलेला हवा. आणि त्याच कागदावर हेही लिहावं, की एकटी बाई चालेल, कुठल्याही जातीधर्माचं माणूस चालेल, आणि येईल त्याचं नाव मला कळवायचं, नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन. करारापूर्वी एकदा तरी भाडेकरूला भेटावं. संघटनांनीही आपापल्या गावात अशा मालकिणींची एक वही ठेवावी. गरजू बाईची माहिती द्यायला, दोघींच्या मध्ये उभं राहायला आपली एखादी कार्यकर्ती का असू नये? मधला माणूस लागतोच असेल तर तो आपल्यातला असू दे.

मालकीणबाईंना मी परवा पुन्हा भेटले. त्यांच्या घरातल्या ‘प्रॉपर फॅमिली’चं तीन महिन्यांचं भाडं थकलं आहे. त्या हसून म्हणाल्या, ‘त्रास काही सांगून येत नाही बघा.’ पुढच्या वेळी एजंटला काय सांगणार, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सांगीन, की जे कुणी येईल त्यांना आधी माझ्याकडे चहाला पाठव.’